दिव्याचा कोनाडा

जांबोटीच्या अलीकडे रस्ता नदीला टेकतो.
तिथे थांबा नाही, कंडक्टरला सांगावं लागतं:
पिराजवळ.
वीस पावलांवर मलप्रभा. इथे अजून लहान आहे ती,
धरणाचं तिला कुणी सांगितलेलं नाही.

एकतीस वर्षं मी बेळगावात इंग्रजी शिकवलं.
समुद्रापलीकडची ती माणसं,
शहराला कंटाळून रानात जाऊन राहिलेली,
पानापानात त्यालाच भेटलेली,
त्यांच्यावरच्या माझ्या नोट्स पिवळ्या, टाचणी गंजलेली.
दुसऱ्या फाइलीत सूफी.
दरसाल प्रश्न एकच: निसर्ग आणि ईश्वरी प्रेम,
साम्यभेद स्पष्ट करा. गुण पंधरा.
साम्याला मी आठ द्यायची, भेदाला सात.

आता गुरुवारी इथे येते.
नवसाला नाही. गुडघे धरतात,
आणि इथला कट्टा बरोबर माझ्या उंचीचा आहे.

बुडनसाब मुजावर गाईशी कानडी बोलतात,
पिराशी दखनी, माझ्याशी मराठी.
माघातल्या एका गुरुवारी मात्र ते
कुठल्याच भाषेत बोलत नव्हते.
ओठांवर बोट ठेवून त्यांनी कोनाडा दाखवला,
हातभर खोल, कैक पिढ्यांच्या काजळीनं मऊ झालेला.
आत सातेरी माश्या बसल्या होत्या.
"परवा तेल घालायला हात घातला," ते कुजबुजले,
"तर आतून कुणीतरी हुंकार दिला."

दिवा त्यांनी बाहेर काढला होता,
जांभळीच्या बुंध्याशी,
एका खानापुरी कौलाच्या आडोशाला.

नीलव्वा तेलाची बाटली घेऊन आली. दीपा एल्ली?
तिनं कोनाड्यात पाहिलं, जांभळीकडं पाहिलं.
हात कुठं जोडायचे, तिला थोडा वेळ कळेना.
मग दोन्हीकडे जोडले.

कमिटीचे किल्लेदार फटफटीवरून उतरले न उतरले तोच:
धूर करा. उरुसाला पंधरा दिवस राहिलेत.
बाबांची जागा आहे ही.

बुडनसाबांची मोरपिसं हलत राहिली.
"बाबांचीच. म्हणून तर त्यांना विचारलं.
ते काही बोलले नाहीत.
चाळीस वर्षांत काही बोललेले नाहीत, साहेब.
पण त्यांना नको असतं, ते मला कळतं."

फटफटी गेल्यावर मी वही उघडली. जन्माची खोड.
बुडनसाब, म्हटलं, इश्क म्हणजे नेमकं काय?
पेन तयार.

ते म्हणाले, "बाई, जरा सरकून बसा.
तुम्ही त्यांच्या वाटेत आलाय."

मी सरकले.
मग कानाशेजारून ती वाट सुरू झाली,
कोनाड्यापासून नदीपलीकडच्या काजूंपर्यंत,
दोरा ओवावा तशी, तुटत नव्हती.
किती वेळ गेला, वहीत नोंद नाही.

उरूस झाला. दिवा वाऱ्यानं चारदा विझला,
नीलव्वाचा नातू काड्यापेटी घेऊन
रात्रभर जांभळीखाली उकिडवा.
किल्लेदार येऊन गेले. त्यांनीही एक काडी ओढली,
कुणी बघत नाही असं बघून.

चैत्रात जांभळीचा मोहर खाली सांडला
आणि एका सकाळी माश्या उठून गेल्या.
न सांगता.
कोनाड्यात कोरडं पोळं, मेणाचा वास.

मी म्हटलं, आता दिवा आत?

बुडनसाब बराच वेळ आत बघत होते.
"राहू दे आठ दिवस," म्हणाले.
"काही विसरलं असेल, तर यायला जागा नको?"

परतीच्या बसला गर्दी नव्हती.
खिडकीशी बसले,
आणि शेजारी कुणी नसताना
थोडी सरकले.